जमादारांची बैठक

परवा जमादारांच्या तेरवीला जाऊन आलो. पंगतीत फौजदारसाहेब माझ्या शेजारी बसले होते. बुंदी वाढणारा पुढे सरकला तसे खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, आता बैठक मोडली." मी नुसती मान हलवली. घरी आल्यापासून मात्र ती बैठकच डोक्यात घोळते आहे, म्हणून आज पेशवे आणि निजाम बाजूला ठेवून हे लिहायला घेतलं. पुण्याची भाची नेहमी म्हणते, मामा, तुम्ही सारखं मेलेल्या राजांबद्दल लिहिता, जरा आपल्या गल्लीतल्या माणसांबद्दल लिहा की. घे बाई, लिहितो. (इतिहास मात्र मध्ये मध्ये येणारच. उभं आयुष्य तोच विषय शिकवला, सुटत नाही.)

बैठक म्हणजे गाण्याबजावण्याची नव्हे. नोकरी संपवून मेहकरात स्थायिक झालेले दोन पोलीसवाले, एक फौजदार आणि एक जमादार, आणि तिसरा मी. जागा म्हणजे जमादारांच्या वावरातली खोली. वार शनिवार, दिवेलागणीनंतर. ते दोघं घेणारे, मी न घेणारा. त्यांच्यासमोर बाटली, माझ्यासमोर थर्मासमधला चहा, आणि मध्ये फुटाणे, शेंगदाणे अन् चिरलेला कांदा तिघांच्या सामाईक मालकीचे. नावं मी कुणाचीच देणार नाही, आणि दोघांनी कुठल्या कुठल्या ठाण्यांत नोकरी केली तेही सांगणार नाही. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की जमादार म्हणजे हेड कॉन्स्टेबल, आणि ठाण्याच्या मुख्य साहेबाला आमच्याकडं ठाणेदार म्हणतात.

पहिल्याच दिवशी मी माझी मास्तरकी दाखवली. आपल्याकडं दारू प्यायला परवाना लागतो हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात गेला आणि १९५९ साली तो कायदा आपल्याकडंही आला. नाव बदलून तो आजही आहे. दुकानातून रीतसर पैसे मोजून आणलेली बाटली असली तरी पिणाऱ्याजवळ परवाना हवा, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा. तर मी विचारलं, "जमादारसाहेब, परवाना आहे का?"

जमादार ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, "गुरुजी, तीस वर्सं लोकायले हेच इचारलं. मले इचारनारे तुमीच पयले."

तिथून आमची दोस्ती जमली.

आता खरं सांगायचं तर मी त्या बैठकीला लोभानं जात होतो. पोलीस दारू पिऊन बोलतात म्हणजे काय काय ऐकायला मिळेल! खून, दरोडे, फरार आरोपी, पाठलाग. पहिले दोन महिने मी गुन्ह्याची वाट बघत बसलो आणि ऐकलं काय, तर रजा. कोणत्या दिवाळीला रजा मंजूर झाली नाही. बायको बाळंतपणाला अडली होती तेव्हा आपण निवडणुकीच्या बंदोबस्ताला कुठं उभे होतो. पोलीस लाईनच्या घराचं छप्पर कसं गळायचं आणि रात्रपाळी करून आलेला माणूस छत्रीखाली कसा झोपायचा. एका साहेबाची भाजी कशी आणावी लागायची. बदल्या तर काय विचारूच नका. फौजदारसाहेबांच्या मुलीनं दहावीपर्यंत सहा शाळा पाहिल्या. आम्हा शिक्षकांच्या बदलीच्या रडकथा मी त्यानंतर कुणापुढं सांगितल्या नाहीत.

गुन्हे यायचे, नाही असं नाही, पण भलत्याच वाटेनं यायचे. एकदा पाण्याचा विषय निघाला, यंदा विहिरीला किती आहे वगैरे. जमादार म्हणाले, मी विहिरीचं पाणी पीत नाही. का, तर त्यांनी नोकरीत विहिरींतून प्रेतं फार काढली होती. त्यातल्या एका बाईनं पदरानं लेकरू पोटाशी बांधलं होतं. "गाठ इतकी पक्की बसली होती गुरुजी, का इळ्यानं कापा लागली. पन पंचनाम्यात लिवलं, गाठ सोडवून लेकरू येगळं केलं."

मी विचारलं, असं का?

"कापली लिवलं तर वकील इचारते ना, कायनं कापली, इळा कोनाचा, इळा जप्त केला का. सोडवली लिवलं का कोनी काई इचारत नाही."

मी इतिहासाचा माणूस. कागद म्हणजे पुरावा, असं आयुष्यभर मुलांना सांगत आलो. त्या रात्री घरी जाताना त्या गाठीचाच विचार करत होतो. उद्या कुणी संशोधक तो पंचनामा वाचेल आणि लिहील की गाठ सोडवली. खोटं काही फार मोठं नाही. पण खरं ते नाही, आणि ते सांगणारा एकच माणूस होता, तोही शनिवारी आणि दुसऱ्या पेल्यानंतर.

आमच्या मेहकरचा इतिहास पुस्तकांत शोधाल तर काय सापडतं? १७६९ साली नागपूरकर भोसल्यांवर चाललेल्या माधवराव पेशव्यांचा तळ इथं पडला होता. १८१७ साली नागपूरकडं निघालेला जनरल डव्हटन इथं थांबला. १८८८ साली शारंगधर बालाजीची मूर्ती जमिनीतून निघाली. मोठ्या माणसांचे तळ आणि देव. त्या तळाभोवती रात्री पहारा करणारा माणूस काय बोलत होता ते कुठंच नाही. पोलिसाचंही तसंच आहे. हा माणूस रोज लिहितो. ठाण्याची डायरी, फिर्याद, जबाब, पंचनामा. सरकारात इतकं लिहिणारा दुसरा नोकर नसेल. आणि त्या ढिगात त्याचं स्वतःचं बोलणं एक ओळही नाही.

हे असं का झालं याचा मी आपल्या परीनं मागोवा घेतला. वऱ्हाड निजामानं १८५३ साली कंपनी सरकारकडं लावून दिला. १८५७ च्या धक्क्यानंतर इंग्रजांनी देशभराच्या पोलिसांची नवी घडी घातली, तो १८६१ चा कायदा. पोलीस हा लोकांचा नोकर नव्हे, सरकारच्या हातातली काठी, हा त्यामागचा विचार. पुढं ४० वर्षांनी सरकारलाच वाटलं की ही काठी बरोबर चालत नाही, म्हणून १९०२ साली एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर, म्हणजे मध्य प्रांताचा कारभार पाहिलेले साहेब. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तोही १९०३ सालीच. या आयोगानं पोलिसांबद्दल फार कडक लिहिलं. पोलीस भ्रष्ट आहेत, जुलमी आहेत, लोकांचा त्यांच्यावर विश्वास नाही. पण त्याच आयोगानं शिपायाबद्दल असंही ठरवलं की त्याला सांगकाम्याची कामं द्यावीत, डोकं चालवायची कामं वरच्यांनी करावीत. पहारा, हुकूम पोचवणं, कैदी नेणं-आणणं. थोडक्यात हात-पाय तुझे, डोकं साहेबाचं.

मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा जमादार म्हणाले, "शंभर वर्सं झाले म्हनता? मले वाटलं आमच्याच साहेबानं काढलं होतं."

दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं मात्र पोलिसाला पहिल्यापासून शिकवलेलं. मुंबईत १८५७ साली चार्ल्स फोर्जेट नावाचा पोलीस अधिकारी होता. हिंदुस्तानातच जन्मलेला, इथल्या भाषा घरच्यासारख्या बोलणारा, वेश पालटून बाजारात हिंडणारा. सोनापुरात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी पलटणीतले काही शिपाई रात्री जमतात असं त्याला कळलं. फोर्जेट शेजारच्या खोलीत बसून भिंतीच्या भोकातून त्यांचं बोलणं ऐकत राहिला. पलटणीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना, तेव्हा त्यांच्यातल्या एकाला सोबत नेऊन ऐकवलं. १५ ऑक्टोबर १८५७ ला दोघांना तोफेच्या तोंडी दिलं, आजचं आझाद मैदान आहे तिथं. ऐकण्याची ही ताकद! मला नेहमी वाटतं, भिंतीच्या अलीकडं बसलेल्या त्या पोलिसांचं आपसातलं बोलणं ऐकायला कुणी भोक पाडलं असतं तर काय ऐकू आलं असतं. बहुधा रजाच.

स्वतंत्र देशात तरी शिपायाला तोंड मिळालं का? घटनेचं कलम ३३ सांगतं की सैन्य आणि पोलीस यांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. त्याच्या आधारानं १९६६ साली कायदा झाला, त्यानं पोलिसांच्या संघटना आणि वर्तमानपत्रांशी बोलणं यांवर बंधनं आली. शिस्तीच्या दृष्टीनं हे समजण्यासारखं आहे. हातात बंदूक असलेला माणूस संपावर गेला तर काय होतं ते आपण पाहिलंही. १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला, त्यानं १९७९ ते १९८१ या काळात ८ अहवाल दिले आणि पहिल्या अहवालाची सुरुवातच शिपायाच्या हालांपासून केली. कामाचे तास, घर, रजा, तक्रार ऐकून घेणारं कुणीतरी. म्हणजे आमच्या बैठकीचीच विषयपत्रिका की!

अहवाल कपाटात गेले आणि १८ ऑगस्ट १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप जानेवारीपासून चालू होता, मुंबई आधीच तापलेली. सरकारनं पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडलं, आणि मुंबईचे पोलीसच रस्त्यावर आले. जाळपोळ, लूट, शेवटी लष्कर. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. मी वर्गात दंगलीची बातमी वाचून दाखवली होती आणि वर म्हणालो होतो, कुंपणानंच शेत खाल्लं. जमादार त्या दिवशी विदर्भातल्या एका ठाण्यात शिपाई होते. वायरलेस खरखरत होता, कुणीही लाईन सोडू नये असा निरोप आला. ते सांगत, "आमी सगळे गप बसलो होतो. कोनी बोलत नोयतं. पन साहेब बाहेर गेला का एकमेकाइकडं पाहून घेत होतो." एवढंच. हे सांगताना तीस वर्षांनंतरही त्यांनी दाराकडं पाहिलं. खोली स्वतःची, वावर स्वतःचं, बाहेर फक्त बैल.

पुढच्याच वर्षी, १९८३ साली, गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' आला. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली होती. ओम पुरींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि आपले सदाशिव अमरापूरकर हिंदीत प्रसिद्ध झाले. फौजदारसाहेबांनी तो तीनदा पाहिला होता. मला वाटलं, पोलिसांना वाईट दाखवलंय म्हणून रागावतील. तर नाही. त्यातला सबइन्स्पेक्टर वेलणकर चांगलं काम करतो, श्रेय दुसऱ्याला जातं, तो पितो, आणि पिऊन कोठडीतल्या एका किरकोळ चोराला मारता मारता जीव घेतो. त्यावर फौजदारसाहेब जे बोलले ते मी त्याच रात्री वहीत टिपून ठेवलं. "मास्तर, प्यायलेला पोलीस दोन जागी बसतो. एक इथं, एक कोठडीसमोर. बाटली तीच असते. मी कोठडीसमोर कधी बसलो नाही, पण बसलेल्याच्या बाजूच्या खोलीत बसलो आहे. दार लोटून घेतलं होतं." जमादारांनी विषय बदलला. मी फुटाण्याची वाटी पुढं केली. त्या दोघांपैकी कुणी संत नव्हतं हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर गावातले वाचक म्हणतील मास्तरनं पोलिसांची आरती केली.

कोठडीतल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले. अटकेचा कागद, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणी. २०२० साली प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. फौजदारसाहेबांना ते पटलेलं होतं. म्हणायचे, आमच्या वेळी असते तर आमच्यातले पुष्कळ वाचले असते. मारणारे, असं त्यांना म्हणायचं होतं.

त्यांच्या लाडक्या गोष्टीही होत्या. मधुकर झेंडे यांची तर दर दोन महिन्यांनी व्हायची. चार्ल्स शोभराज १६ मार्च १९८६ ला तिहारमधून पळाला. मुंबईचे इन्स्पेक्टर झेंडे यांनी त्याला १९७१ सालीही पकडलेलं होतं, म्हणून त्यांनाच पाठवलं. गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात झेंडे आणि त्यांची माणसं गिऱ्हाईक होऊन बसून राहिली, आणि ६ एप्रिलला तो आलाच. बेड्या नव्हत्या म्हणून दोरीनं बांधून आणलं, असं झेंड्यांनी पुढं सांगितलं आहे. फौजदारसाहेबांना यातला पाठलाग नव्हे, बसणं आवडायचं. "हॉटेलात बसायचं, आजूबाजूचे पिताहेत, आपण चार मित्र गप्पा मारतोय असं दाखवायचं, आणि डोळा दाराकडं. हे बसणं सोपं नाही मास्तर." पुढं त्या हॉटेलवाल्यांनी टेबलाशी बसलेला पुतळा केला, तो शोभराजचा. यावर जमादारांचं म्हणणं असं की गिऱ्हाईक चोराले पाहाले येते, पोलीस तर रोजच दिसते. २०२५ साली चिन्मय मांडलेकरांनी झेंड्यांवर सिनेमा काढला, मनोज वाजपेयी त्यात झेंडे झाले. जमादार आजारी होते, नातवानं मोबाईलवर दाखवला. अर्धा पाहून झोपले म्हणे.

आणि एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली, २०१६ सालची. मुंबईच्या देवनार ठाण्यातले रवींद्र पाटील नावाचे साधे कर्मचारी. त्यांनी पोलिसांना आठ तासांची पाळी कशी देता येईल याचा हिशोब स्वतः मांडला आणि आयुक्त दत्ता पडसलगीकरांपुढं ठेवला. आयुक्तांनी ऐकून घेतलं, देवनारलाच करून पाहिलं, मग पुढं आणखी ठाण्यांत नेलं. हात-पाय तुझे अन् डोकं साहेबाचं, याला ११३ वर्षं झाल्यावर एका शिपायानं कागदावर डोकं चालवलं. मी उत्साहानं वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन गेलो होतो. जमादारांनी ते दोनदा वाचलं, घडी केली आणि खिशात घातलं. मला परत दिलं नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते लिहितो. टाळत होतो.

२०१३ चा पावसाळा असावा. त्या शनिवारी पुराव्याच्या कायद्याचा विषय निघाला. १८७२ च्या त्या कायद्याचं कलम २५ सांगतं की पोलिसाजवळ दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. (२०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही ही तरतूद आहे, आता कलम २३ मध्ये.) इंग्रजांनी पोलीस उभे केले आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. फौजदारसाहेबांना हे कलम आयुष्यभर टोचलेलं. "तुमच्यासमोर कुणी कबूल केलं तर कोर्ट ऐकून घेतं मास्तर. किराणावाल्यासमोर केलं तरी ऐकतं. माझ्यासमोर केलेलं नाही." पण लगेच पुढं कलम २७ ची पळवाट होती. आरोपीनं सांगितलं म्हणून एखादी वस्तू सापडली, तर तिच्यापुरतं बोलणं चालतं. म्हणून वस्तू 'निघणं' महत्त्वाचं. आरोपी पंचांसमोर म्हणतो की मी लपवलेला माल काढून देतो, त्याचा एक पंचनामा. मग सगळे जागेवर जातात, तो काढून देतो, त्याचा दुसरा.

आणि माल आधीच सापडलेला असला तर? जमादार हसत म्हणाले, तरी आरोपीच काढून देते. फक्त पंच चांगला पायजे. "पंच मास्तर आनाचा. गुरुजी लोक सही लवकर करते. त्यायले घंटा व्हाच्या आत शाळेत जाचं असते."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

१९७८ साली मी पंच होतो. मेहकरात नव्हे, नोकरीच्या सुरुवातीच्या एका गावी. सकाळी ठाण्याचा शिपाई शाळेत आला आणि मुख्याध्यापकांनी मला जायला सांगितलं, सही करून या म्हणाले. गावाबाहेरच्या नाल्यावर गेलो. काठावर तांब्याचा एक हंडा आणि दोन पितळी घागरी ठेवलेल्या. बाजूला हात बांधलेला एक पारधी उकिडवा बसलेला. कागदावर लिहून तयार होतं की आरोपीनं पंचांसमक्ष नाल्याच्या वाळूतून उकरून भांडी काढून दिली. मी गेलो तेव्हा भांडी बाहेरच होती. मी कागद वाचला नाही. जमादारानं, म्हणजे तिथल्या, बोट ठेवलं तिथं सही केली. मागं वळलो तर बाभळीजवळ एक पोरगा उभा होता. माझ्याच पाचवीच्या वर्गातला, त्या माणसाचा पुतण्या. तो माझ्याकडं बघत होता.

वर्षभरानं कोर्टात नेलं. वकिलानं विचारलं, सही तुमचीच का? मी हो म्हणालो. बाहेर आलो, एसटी पकडली. त्या माणसाला शिक्षा झाली एवढं कळलं. पोरगा त्या दिवसानंतर शाळेत आला नाही. महिनाअखेर मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढं 'सतत गैरहजर' असं लिहून नाव कमी केलं. माझ्याच अक्षरात.

पारधी, भामटे, कैकाडी, अशा कितीतरी जमातींना १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं, हे मला बी. ए. ला कुणी शिकवलं नाही आणि मीही मुलांना शिकवलं नाही, कारण पुस्तकात नव्हतं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणजे नाल्यावर बसलेला तो माणूस जन्मला तेव्हा कायद्यानं गुन्हेगार होता आणि मी पाहिला तेव्हा कायद्यानं नव्हता. गावात भांडी गेली की पहिल्यांदा कुणाच्या पालावर जायचं, ते मात्र १९७८ सालीही ठरलेलं होतं.

हे सगळं मी त्या रात्री त्या दोघांना सांगितलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, बायकोलाही सांगितलं नव्हतं. न पिणारा मी, आणि बोललो मीच. फौजदारसाहेब खाली बघत राहिले. जमादार हसायचे थांबले होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गुरुजी, भांड्यायले वाळू लागून होती का?"

मी आठवून पाहिलं. हंडा डोळ्यासमोर आला. म्हणालो, "नाही. चकचकीत होती. कोरडी."

"नाल्याले पानी होतं?"

"होतं. थोडं होतं."

जमादार म्हणाले, "मंग ते नाल्यातले नोयते गुरुजी." आणि पेला बाजूला सारून ठेवला. त्या रात्री त्यांनी पुढं घेतली नाही.

त्यानंतर मी एकदा त्या गावी जाऊन आलो. पालांची जागा राहिलेली नाही, तिथं प्लॉट पडले आहेत. शाळेत १९७८ चे हजेरीपट नव्हते. चौकशी तरी कुणाची करायची, मला त्याचं आडनाव पवार होतं की पवारसारखं दुसरं काही, तेही खात्रीनं आठवेना.

तेरवीहून निघताना जमादारांच्या सूनबाईंनी थर्मास माझ्या हातात दिला. म्हणाल्या, बाबा म्हणायचे हा गुरुजींचा आहे, त्यांना देऊन टाका. थर्मास माझा नव्हता. जमादारांनीच माझ्यासाठी बाजारातून आणला होता. मी तसं त्यांना सांगितलं, पण त्या ऐकेनात. घरी आणून ठेवला आहे.